मुंबई इलाख्यातील मिश्र वैद्यकाची वाटचाल

१७९३ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात एका मराठी कारागिराने कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसविले, आणि ती क्रिया इंग्रजी शस्त्रवैद्यांनी प्रत्यक्ष पाहिली, ही घटना आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते; परंतु तिचा जो वृत्तान्त उपलब्ध आहे तो बारकाईने वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा माणूस. टिपू सुलतानाशी चाललेल्या युद्धात तो शत्रूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात छाटून त्याला सोडून देण्यात आले. सुमारे वर्षभर तो तशा विद्रूप अवस्थेत वावरला आणि मग पुण्याजवळच्या, विटा भाजण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका माणसाकडे गेला. ती शस्त्रक्रिया थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या कंपनीच्या शस्त्रवैद्यांनी पाहिल्याचा निर्वाळा दिलेला आहे. कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. रेघेच्या आतील कातडे सोडविले, मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखली, कारण नव्या जागी रुजेपर्यंत त्या कातड्याला रक्त मिळण्याची तेवढीच वाट होती. नंतर ते कातडे उलटवून खाली आणले, नाकाच्या थोटकाभोवती पाडलेल्या खाचेत त्याच्या कडा बसविल्या, आणि पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पट्ट्या सांध्यावर चढविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या चिंध्या ठेवल्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी असलेला तो शेवटचा दुवा कापून टाकला.

या हकिकतीत विद्वान वैद्य कोठेच नाही, ही गोष्ट नजरेतून निसटू देता कामा नये. सुश्रुतसंहितेत नासासंधानाची कृती आहे, परंतु तेथे कातडे गालाचे घ्यावयास सांगितले आहे. कपाळाचे कातडे घेण्याची युक्ती ही त्या कारागिरांच्या परंपरेने आपल्या हाताने साधलेली सुधारणा होय. ग्रंथ शास्त्र्यांकडे राहिला आणि शस्त्र कुंभाराकडे गेले, अशी जी फारकत आपल्या समाजात शतकानुशतके होत आली होती, तिचा हा स्वच्छ पुरावा आहे. आणि तरीही त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या माणसाने परक्या डॉक्टरांपासून काही लपविले नाही, व त्या डॉक्टरांनीही त्याची जात वा त्याचे अज्ञान न पाहता केवळ त्याचा हात पाहिला. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत रुग्णावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील अर्वाचीन नासासंधान येथून पुन्हा सुरू होते. दोन वैद्यकपद्धतींचा मिलाफ कसा व्हावा याचा इतका निर्मळ दाखला पुढल्या सव्वाशे वर्षांत आपल्या इलाख्यात मिळत नाही, आणि तो का मिळत नाही याचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पेशवाई बुडाली त्या वेळी पुण्यातील वैद्यकी वंशपरंपरेने चाललेली होती; वैद्यांना वर्षासने व इनामे असत, शिष्य घरी राहून शिकत, आणि शिकलेल्या विद्येची परीक्षा रुग्णच घेत असत. नवा अंमल बसविताना गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या मनात जुन्या विद्येचा समूळ उच्छेद करावा असे नव्हते. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तेव्हा न्याय, व्याकरण, ज्योतिष यांच्या बरोबरीने वैद्यकालाही तीत स्थान मिळाले. १८२६ मध्ये मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा निघाली. तेथे देशी भाषांतून शिकविण्याचा आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करण्याचा प्रयत्न झाला. सहा वर्षांतच, १८३२ साली, ती बंद करण्यात आली. कलकत्त्यास १८२२ पासून अशीच एक शाळा होती, आणि तिच्या जोडीला संस्कृत कॉलेजात व मदरशात देशी वैद्यकाबरोबर युरोपीय शारीरशास्त्राचेही पाठ दिले जात. तो सारा खटाटोप १८३५ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांच्या एका हुकुमाने संपुष्टात आला व त्याच्या जागी केवळ पाश्चात्य वैद्यक इंग्रजीतून शिकविणारे कॉलेज उभे राहिले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते याच धोरणाला अनुसरून निघाले. दोन शास्त्रे एका छपराखाली शेजारी बसविण्याचे जे दहा-पंधरा वर्षांचे प्रयोग झाले, त्यांना फळ धरण्याइतका अवधीच दिला गेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. नव्या विद्येचे ते उत्तम विद्यार्थी, आणि जुन्या विद्येवरही त्यांचा मनापासून जीव. महारोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा उपयोग करून त्यांनी अनेक रुग्णांवर उपचार केले व त्यांना मोठी कीर्ती मिळाली. परंतु औषधाचे नाव त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, आणि त्यामुळे त्या उपचाराची पारख करणे इतर वैद्यांना किंवा डॉक्टरांना अशक्य झाले. इतका उदार विद्वान या एका बाबतीत घराण्याचे औषध राखणाऱ्या जुन्या वैद्याच्याच वाटेने गेला, याचे मला मनापासून दुःख होते. याच कॉलेजातून बाहेर पडलेले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मात्र दुसरे टोक गाठले: वाग्भटाचे अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह संपादून त्यांनी १८८० मध्ये निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध केले. जो ग्रंथ पोथ्यांत बांधलेला होता तो आता कोणाही जिज्ञासूला विकत घेता येऊ लागला, आणि हे काम एका एम. डी. झालेल्या माणसाने केले, याचे महत्त्व सांगावे तितके थोडेच आहे.

१९१२ च्या बाँबे मेडिकल अ‍ॅक्टने ही वाट अडविली. हिंदुस्थानातील या तऱ्हेचा हा पहिला कायदा. त्याने डॉक्टरांची नोंदवही निर्माण केली, आणि नोंदवहीबरोबर तीत नाव असलेल्यांनी काय करू नये याची शिस्तही आली. नोंदणी नसलेल्या वैद्याबरोबर सल्लामसलत करणे, त्याच्या कामाला आपल्या नावाचे पाठबळ देणे, हे व्यवसायाला काळिमा लावणारे वर्तन गणले जाऊ लागले. मुंबईत आयुर्वेदाचे महाविद्यालय चालविणारे डॉ. पोपट प्रभुराम हे स्वतः एल. एम. अँड एस. झालेले होते, त्यांच्या बाबतीत मेडिकल कौन्सिलपुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि मद्रासकडेही त्याच सुमारास असेच प्रकरण गाजले. या कायद्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. भोंदूंचा सुळसुळाट शहरांत खरोखरच होता आणि रुग्णाला त्यापासून संरक्षण हवे होते. परंतु भोंदू कोण व जाणकार वैद्य कोण याचा निवाडा करण्याचे कष्ट न घेता सर्वांनाच वेशीबाहेर ठेवल्यामुळे, जी दोन माणसे एका रुग्णाच्या उशाशी बसून एकमेकांस प्रश्न विचारू शकली असती, त्यांनी एकमेकांकडे पाहणेसुद्धा गुन्हा ठरले.

वैद्यांनी उत्तर दिले ते संघटनेच्या मार्गाने. 'आर्यभिषक्' या ग्रंथाने मराठी घराघरांत पोहोचलेले शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यसंमेलन भरवून अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला होताच. १९१७ मध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला आयुर्वेदाचे विद्यालय काढले. पुण्यात टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून आयुर्वेदाचे अध्यापन सुरू झाले. पुढे ते टिळक आयुर्वेद महाविद्यालयाच्या रूपाने स्थिरावले आणि ताराचंद रामनाथ रुग्णालय त्याच्या जोडीला राहिले. पुरुषोत्तमशास्त्री नानल यांच्यासारख्या वैद्यांनी या परंपरेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती केवळ ग्रंथपांडित्याची नव्हती. या संस्थांना रुग्णालयाची जोड हवी, खाटा हव्यात, रोजच्या रोज लिहिलेले कागद हवेत, हे त्यांनी ओळखले होते.

१९३७ मध्ये इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. आरोग्यखाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, म्हणजे पाश्चात्य वैद्यकातच मुरलेले. तरीही याच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत १९३८ चा बाँबे मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट झाला, आणि वैद्य व हकीम यांची सरकारदरबारी नोंद करणारा देशातील पहिला कायदा करण्याचा मान याही वेळी मुंबईलाच मिळाला. १९४१ मध्ये वरळीला पोदार घराण्याच्या देणगीतून आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. आता नोंदवह्या दोन झाल्या.

या दुसऱ्या नोंदवहीत नाव घालावयाचे तर काही एक परीक्षा हवी, परीक्षेला अभ्यासक्रम हवा, आणि अभ्यासक्रमात काय असावे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मिश्र वैद्यकाचा खरा वाद सुरू झाला. मद्रासच्या उस्मान समितीने १९२३ मध्येच देशी वैद्याला अर्वाचीन शारीर व शस्त्रकर्म यांचे ज्ञान द्यावे अशी दिशा दाखविली होती. तिचे सचिव कॅप्टन श्रीनिवास मूर्ती यांनी दोन्ही शास्त्रांच्या तत्त्वांची जी सांगड घालून दाखविली, ती वाचताना आजही त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटते. १९४६ च्या भोर समितीने देशी वैद्यकाच्या गुणावगुणांचा निवाडा करण्याचे टाळून राष्ट्राची सारी आरोग्ययोजना पाश्चात्य पायावर उभी केली, त्यानंतर दोनच वर्षांत कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने दोन्ही पद्धतींचा समन्वय करावा असा अभिप्राय दिला, आणि डॉ. चिंतामण गोविंद पंडित यांच्या समितीने प्रथम संशोधन करावे असे सुचविल्यावरून जामनगरला संशोधनसंस्था निघाली. तेथे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले तेव्हा त्याची धुरा पुण्याच्या वैद्य भास्कर विश्वनाथ तथा मामा गोखले यांच्याकडे आली. एका समितीचा अहवाल दप्तरात दाखल होऊन त्याच्यावर धूळ बसावयाच्या आत दुसरी समिती नेमली जात होती.

इकडे मुंबई राज्यातील मिश्र महाविद्यालयांत प्रत्यक्ष काय चालले होते? विद्यार्थी सकाळी दोषधातुमलविज्ञान ऐके, दुपारी शवविच्छेदनाच्या मेजाशी उभा राही, आणि संध्याकाळी रुग्णालयात गेला म्हणजे एक शिक्षक त्याला ज्वराची संप्राप्ती आमाशयापासून समजावून सांगे व दुसरा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन हिवतापाचे जंतू दाखवी. हे दोघे शिक्षक एकमेकांशी बोलत नसत असे नव्हे; परंतु एकाच रुग्णाविषयी दोघांचे म्हणणे कोठे जुळते, कोठे विरुद्ध जाते, आणि विरुद्ध गेले तर निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावयाचा, हे ठरविण्याची जागा वेळापत्रकात नव्हती. ती जुळणी अठरा-वीस वर्षांच्या मुलाने आपल्या डोक्यात करावी अशी अपेक्षा होती. जे काम कॅप्टन मूर्तींसारख्याला जन्मभर पुरले, ते काम परीक्षेच्या चार-पाच वर्षांत त्या मुलाकडून होणार कसे? त्याने स्वाभाविकपणे दोन्ही पाठ केले, दोन्हींत उत्तीर्ण झाला, आणि जी. एफ. ए. एम. या मिश्र पदवीची पाटी लावून गावात दवाखाना थाटला, तेव्हा गावाने त्याच्याकडे काय मागितले हे पाहावे. महायुद्धानंतरचा तो काळ; सल्फाच्या गोळ्या व पेनिसिलिनची सुई यांनी मरणाच्या दारातून माणसे परत आणलेली लोकांनी पाहिली होती. गाव सुई मागत होते, आणि त्याच्याकडे सुई होती.

शुद्ध आयुर्वेदाचे जे पुरस्कर्ते पुढे आले त्यांनी नेमक्या याच वस्तुस्थितीवर बोट ठेवले. मिश्र विद्यालयांतून वैद्य निर्माण होत नाहीत, कमी प्रतीचे डॉक्टर निर्माण होतात, हा त्यांचा आरोप कठोर असला तरी निराधार नव्हता. पुढे मुख्यमंत्री झालेले मोरारजी देसाई यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला. उलट मिश्रवाद्यांचे म्हणणे असे की, अडलेल्या बाळंतिणीजवळ, मोडलेल्या हाडाजवळ, पटकीच्या गावात उभा राहणारा वैद्य अर्वाचीन ज्ञानावाचून हात बांधल्यासारखा होईल, आणि शुद्धतेच्या आग्रहापायी आयुर्वेदाचे वस्तुसंग्रहालय करावयाचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. याही म्हणण्यात तथ्य होते. केंद्रात आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना दोन्ही पक्षांविषयी फारशी आस्था नव्हती. १९५९ मध्ये डॉ. उडुपा यांच्या समितीने समन्वयाच्या बाजूने कौल दिला. पुढे गुजरातचे मोहनलाल व्यास यांच्या समितीने १९६३ मध्ये शुद्ध अभ्यासक्रमाची आखणी केली. दोन्ही पक्षांचे वाङ्मय वाचताना मला वारंवार जाणवते ते हे की, एवढ्या मोठ्या वादात कोणत्या रोगाच्या किती रुग्णांना कोणत्या पद्धतीने किती दिवसांत गुण आला, याचे आकडे कोणीच समोर ठेवीत नाही. अभ्यासक्रमातील तासांची वाटणी कशी करावी यावर शेकडो पाने आहेत.

निकाल विद्यार्थ्यांनी लावला. देशात ठिकठिकाणी मिश्र महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी संप केले. आम्हाला दोन्ही शास्त्रे शिकविता, मग वेतन व मान एम. बी. बी. एस. चा का नाही, असे त्यांचे विचारणे होते. मद्रासचे मिश्र वैद्यकाचे महाविद्यालय १९६० मध्ये किल्पॉक मेडिकल कॉलेज झाले. त्याच वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयातील, मालवीयजींनी १९२७ मध्ये काढलेले आयुर्वेद महाविद्यालयही अर्वाचीन वैद्यकाचे कॉलेज बनले, आणि त्याचे पहिले प्राचार्य स्वतः डॉ. उडुपाच होते. समन्वयाचा अहवाल लिहिणाऱ्याच्या हातून समन्वयाची संस्था बंद व्हावी यात त्यांचा दोष नव्हता. त्या वेळी ती संस्था वाचविण्याचा दुसरा मार्ग बहुधा कोणालाच सुचला नसता. १९७० च्या केंद्रीय कायद्याने पुढे सर्व देशासाठी एकच भारतीय चिकित्सा परिषद व एकच पदवी आणली, आणि मिश्र हा शब्द सरकारी कागदांतून जवळजवळ नाहीसा झाला.

मिश्र वैद्यकाचा हा वाद चालू असतानाच, अभ्यासक्रमाच्या रणधुमाळीपासून दूर, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग रक्तदाबाच्या रुग्णांवर करीत होते. पन्नास रुग्णांवरील त्यांचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले, व १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले. १९३१ मध्येच गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवर या मुळीच्या गुणाची नोंद केली होती हे येथे सांगितले पाहिजे. वकील यांच्या कामाचे मोल मोठेच आहे, परंतु मिश्र वैद्यकाच्या दृष्टीने ते अर्धेच पाऊल होय. मुळी रुग्णालयात आली; वैद्य आला नाही. अर्क काढून घेतल्यावर तिचे पथ्य, तिची मात्रा, ती कोणास देऊ नये याविषयी परंपरेला काय ठाऊक होते, हे विचारणारे कोणी उरले नाही, आणि रिसर्पिनमुळे काही रुग्णांना येणाऱ्या खिन्नतेचा अनुभव जगाला नव्याने घ्यावा लागला.

पूर्ण पाऊल कसे पडते हे पाहावयाचे तर काशीलाच परत जावे लागते. महाविद्यालय अर्वाचीन झाल्यावर त्याच आवारात १९६३ मध्ये भारतीय वैद्यकाची पदव्युत्तर संस्था निघाली, आणि तेथील शल्यतंत्र विभागात पी. जे. देशपांडे या मराठी शल्यवैद्याने भगंदरावरील क्षारसूत्राला पुन्हा उभे केले. ज्याला हा रोग झाला आहे त्यालाच त्याचे क्लेश ठाऊक. गुदद्वाराशेजारी पडलेली ती नळी शस्त्राने छाटली तरी पुष्कळांत पुन्हा पाझरू लागते, आणि खोल छाटावे तर मलनिरोधाची शक्ती जाण्याचे भय. जुन्या ग्रंथांत औषधी सूत बांधण्याचा निर्देश आहे, परंतु ते सूत करावे कसे याचा तपशील त्रोटक. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बसविला: शस्त्रक्रियेचा जाड दोरा ताणून त्यावर थोराच्या चिकाची अकरा पुटे, ती वाळल्यावर चीक व आघाड्याचा क्षार यांची सात पुटे, आणि अखेर चीक व हळद यांची तीन, अशी एकवीस पुटे चढवून, प्रत्येक पुटानंतर दोरा वाळवून, मग तो बंद नळीत जपून ठेवावयाचा. ही भगंदराच्या नळीत बांधलेली दोरी आठवड्या-आठवड्याने बदलली जाते; ती एकाच वेळी कापीत जाते आणि मागून जखम भरीत येते, आणि रुग्ण या काळात आपले कामधाम करू शकतो.

येथवर ही एका विभागाची करामत होती. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर, आधुनिक शल्यचिकित्सकांच्या सहभागाने, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एकाला नेहमीची शस्त्रक्रिया व दुसऱ्याला क्षारसूत्र. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २६५ रुग्णांचा हिशेब हाती आला होता. क्षारसूत्राने जखम भरावयास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्राने सुमारे चार; परंतु वर्षभराने पाहता रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्राने शेकडा अकरा व क्षारसूत्राने शेकडा चार होते. या निष्कर्षाचे सौंदर्य मला यात वाटते की, त्यात कोणाचाही सर्वस्वी जय नाही. घाई असलेल्याला एक सांगता येते, उलटण्याचे भय असलेल्याला दुसरे, आणि ते सांगणारा माणूस वैद्य असो वा डॉक्टर, आकडे तेच राहतात.

के. ई. एम. मध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयुर्वेद संशोधन केंद्र उभारले, ते याच वाटेने. मराठी वाचकांना त्या 'फुलवा' व 'वृक्षगान' या पुस्तकांच्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. रुग्णालयात त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. पित्तनलिका अडून झालेल्या काविळीच्या रुग्णाची शस्त्रक्रिया नीट पार पडली तरी पुष्कळदा जंतुदोष सर्वांगात पसरून तो दगावतो, ही शल्यचिकित्सकांची जुनी अडचण. डॉ. रवी बापट यांच्या शल्यविभागात अशा रुग्णांना पित्त बाहेर काढण्याच्या नेहमीच्या उपायाबरोबर शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देण्यात आली, आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार गुळवेल घेतलेल्या गटात जंतुदोष व मृत्यू दोन्ही लक्षणीय रीतीने कमी आढळले. रुग्णांची संख्या लहान होती, तेव्हा हे शेवटचे वाक्य समजण्याचे कारण नाही. तरीही अडचण शल्यचिकित्सकाने मांडली, औषध आयुर्वेदाने सुचविले, मोजमाप औषधशास्त्राने केले आणि तिन्ही माणसे एकाच वॉर्डात उभी होती. मिश्र अभ्यासक्रमाला जे तीस वर्षांत साधले नव्हते ते येथे एका प्रश्नापुरते का होईना साधले.

कायद्याची गाडी मात्र आपल्याच चाकोरीने चालत राहिली. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून आयुर्वेदाच्या पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. १९९८ मध्ये मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या कायद्याने अशी मान्यता दिली असेल तरच ती चालेल असा निर्णय दिला. २०२० च्या नोव्हेंबरात शल्यतंत्र व शालाक्यतंत्र या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांनी कराव्यात अशा ५८ शस्त्रक्रियांची यादी राजपत्रात आली, आणि ११ डिसेंबरला देशभरच्या डॉक्टरांनी बंद पाळला. अधिकार कोणाचा, हा प्रश्न १९१२ इतकाच तावातावाने लढविला गेला. त्या शस्त्रक्रियांचे निकाल कोणत्या रुग्णालयात काय आले, हे विचारणारे आवाज त्या कोलाहलात ऐकू आले नाहीत.

दरम्यान मेळघाट, धडगाव, भामरागड येथे पावसाळ्यात पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकांत बहुतेक बी. ए. एम. एस. झालेली मुले-मुलीच असतात. राज्याच्या दुर्गम भागातील वैद्यकसेवेचा पुष्कळसा भार त्यांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांच्याविषयी मला केवळ आदर वाटतो. पिशवीत त्यांच्या असते ते मात्र क्षारसंजीवनी, पॅरासिटामॉल, प्रतिजैविके. शिकलेल्या शास्त्राविषयी विचारविनिमय करावयास त्यांना सवड नाही आणि सोबतीही नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून सरकारी रुग्णालयांत आयुष वैद्यांना शेजारची खोली मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु खोली निराळी म्हणून नोंदवही निराळी, आणि नोंदवही निराळी म्हणून संधिवाताचा जो रुग्ण डावीकडच्या दाराने गुग्गुळ आणि उजवीकडच्या दाराने वेदनाशामक घेऊन घरी जातो, त्याला कशाने बरे वाटले किंवा कशाने अपाय झाला हे त्या इमारतीतील कोणालाही सांगता येत नाही. या दोन नोंदवह्यांची एक करावयास विधिमंडळाचा कायदा लागत नाही, परिषदेची संमती लागत नाही. एकच केसपेपर, त्यावर दोघांचेही लिहिणे, आणि आठवड्यातून एक दुपार त्या कागदांवर दोघांनी एकत्र बसणे, एवढे करण्यास त्या रुग्णालयाच्या अधीक्षकाचा लेखी हुकूम पुरेसा आहे.